वीस मिनिटांचं पाणी: मालदीवमध्ये अडकलेल्या एका मुक्कामाचं प्रकरण

२५ एप्रिल २०२१, रविवार. काकूंचा फोन आला तेव्हा मी दादरला घरीच होते. आमच्या ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस बंद होतं. आमच्या इमारतीत कोविडचे पाचापेक्षा जास्त रुग्ण निघाल्यामुळे गेटवर महापालिकेचा फलक लागला होता आणि दूधवाला पिशव्या वॉचमनच्या टेबलावर ठेवून परत जात होता. काका-काकू, आमचं गिऱ्हाईक, मालदीवच्या एका लहानशा बेटावर होते. काकूंचा आवाज शांत होता, पण वाक्य पुरं होत नव्हतं. “ताई, यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. उद्या मुलाकडे जायचं होतं ना आम्हाला…”

त्याच दिवशी मालदीवच्या पर्यटन मंत्रालयाची सूचना सगळ्या ट्रॅव्हल एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागली: २७ एप्रिलपासून भारतातून येणाऱ्या पर्यटकांना वस्तीच्या बेटांवर राहता येणार नाही. काका-काकू वस्तीच्याच बेटावर राहत होते.

हे प्रकरण मी त्या कुटुंबाला विचारून लिहिते आहे. माणसांची, बेटाची आणि रिसॉर्टची नावं गाळली आहेत. सहल मी आखली होती, त्यामुळे त्यातल्या चुकाही बऱ्याचशा माझ्या आहेत. आमच्या धंद्यातल्या कुणाला पुढे असा प्रसंग आला तर त्या उपयोगी पडाव्यात, म्हणून त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

काका सदुसष्ट वर्षांचे. राहायला लालबागला. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि ऑफसेटच्या मशीनवरून निवृत्त झाले. काकू त्रेसष्टच्या. एकुलता एक मुलगा दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मालदीवच्या एका रिसॉर्टच्या बेकरीत लागला. पहिली रजा मे २०२० मध्ये ठरली होती. त्याआधी ७ मार्चला मालदीवमध्ये पहिले रुग्ण सापडले, तेही एका रिसॉर्टमध्येच. एक इटालियन पाहुणा तिथून घरी परतल्यावर बाधित निघाला होता आणि मग त्या बेटावरचे दोन कर्मचारीही बाधित निघाले. ते अख्खं बेट बंद करण्यात आलं. १२ मार्चला तिथल्या सरकारने आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि २७ मार्चपासून पर्यटकांना येताक्षणी मिळणारा व्हिसा थांबवला. मुलाच्या रिसॉर्टमधले पाहुणे गेले, कर्मचारीही गेले. बेटाची देखभाल आणि उरलेल्यांचं जेवण एवढ्यासाठी जी थोडी माणसं ठेवली, त्यांत तो होता.

मे २०२० मध्ये नौदलाच्या ‘समुद्र सेतू’ मोहिमेत आयएनएस जलाश्व ६९८ भारतीयांना घेऊन मालदीवची राजधानी मालेहून कोचीला आलं. काकांनी तेव्हा मुलाला विचारलं होतं, नाव नोंदवतोस का? तो थांबला. एकदा बेट सोडलं की परत बोलावतील याची खात्री नव्हती आणि घराचा हप्ता चालू होता. जुलैत देश पर्यटकांसाठी उघडला, रिसॉर्ट पुन्हा भरू लागलं आणि मग कामातून रजा मिळेना. असे पंधरा महिने गेले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये काका माझ्या ऑफिसात आले. म्हणाले, “तो येऊ शकत नाही ना? मग आम्ही जातो. पर्यटक म्हणून तर घेतील?” घेत होते. जगात तेव्हा फार थोडे देश भारतीय पर्यटकांना विलगीकरणाशिवाय घेत होते आणि मालदीव त्यांतला एक होता. २०२० मध्ये तिथे सर्वांत जास्त पर्यटक भारतातूनच गेले, जवळपास ६३ हजार. एप्रिल उजाडेपर्यंत मुंबईत दुसरी लाट चढली. सिनेमातल्या लोकांचे निळ्या पाण्यातले फोटो आणि इथे खाटांसाठी चाललेली धावपळ एकाच पानावर दिसू लागली. लोक चिडले, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच विमानात स्वतःच्या मुलाला बघायला निघालेली माणसंही होती, हेही कुठेतरी लिहिलं जायला हवं. मार्चमध्ये साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा दोघांनी पहिला डोस घेतला. “काका, पुढे ढकलू या का?” असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले आणि मी विषय सोडला. काकांना मधुमेह आहे हे मला माहीत होतं. तिसऱ्यांदा, आणि काकूंना वेगळं गाठून, विचारायला हवं होतं.

आता बेटांविषयी, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे.

मालदीव म्हणजे सुमारे १,२०० बेटं. त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर वस्ती आहे. पर्यटन १९७२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून पर्यटकांना निर्मनुष्य बेटांवर उतरवायचं, असंच धोरण राहिलं. एक बेट, एक रिसॉर्ट. मुस्लिम वस्तीचं रोजचं आयुष्य एकीकडे आणि दारू, पोहण्याचे कपडे, परदेशी पाहुणे दुसरीकडे. मधे समुद्र. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली ती २००९ नंतर. त्यामुळे मालदीव आपल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं आणि आम्ही एजंट ‘मालदीव पाच रात्री’ असं म्हणून दोन्ही प्रकार एकाच यादीत विकू लागलो. गिऱ्हाईक फक्त दर बघायचं. दोन बेटांमधला फरक खोलीच्या दर्जाचा आहे, असंच आम्ही समजावत आलो.

साथ आली आणि ती जुनी विभागणी आयती कामाला आली. रिसॉर्टच्या बेटाला स्वतःचा धक्का असतो, स्वतःचे जनरेटर, खाऱ्याचं गोडं पाणी करणारी स्वतःची यंत्रणा, कामगारांच्या स्वतःच्या खोल्या. धक्क्यावर दोन माणसं उभी केली की बेट बंद. म्हणून १५ जुलै २०२० ला पहिल्यांदा रिसॉर्टं उघडली आणि वस्तीच्या बेटांवरची गेस्टहाउसं तीन महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला. विमानतळ माले शहराशेजारच्या वेगळ्या बेटावर आहे. तिथे उतरायचं, रिसॉर्टच्या बोटीत बसायचं आणि परतीच्या दिवसापर्यंत त्याच बेटावर राहायचं. एकाहून जास्त ठिकाणी मुक्काम हवा असेल तर आधी मंत्रालयाची परवानगी काढायची. बेटाच्या आत मात्र बंधन जवळपास नव्हतंच. पाहुण्याला वाटायचं, इथे साथ नाहीच. वस्तीच्या बेटावर असं करता येत नाही. तिथे शाळा, मशीद, दुकानं, मालेला रोज ये-जा करणारी माणसं असतात. तिथला पर्यटक वस्तीबरोबरच बंद होतो.

काका-काकूंसाठी मी जी आखणी केली, ती खर्चाच्या बाजूने विचार केला तर चांगली होती. १९ ते २६ एप्रिल मुलाच्या रिसॉर्टपासून सर्वांत जवळच्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस. २६ ते २८ खुद्द रिसॉर्टमध्ये, कर्मचाऱ्याच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या सवलतीत. दोन ठिकाणच्या मुक्कामाची परवानगी आम्ही रीतसर काढली होती. मधलं अंतर स्पीडबोटीने वीस मिनिटांचं. काका म्हणाले, “भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला याहून जास्त वेळ लागतो.” आठवड्याच्या सुट्टीला मुलगा बोटीने पलीकडे येईल, आई-वडिलांबरोबर दिवस काढेल, संध्याकाळी परत जाईल, हे मी धरून चालले होते. कुणालाही विचारलं नव्हतं. मुलालाही नाही. त्यालाही वाटलं, ताईंनी विचारलंच असेल.

निघण्याची गोष्ट थोडक्यात सांगते. चाचणी निघण्याच्या आधी ९६ तासांच्या आतली हवी होती. सोमवारची सकाळ, मधे शनिवार-रविवारची टाळेबंदी, आणि मुंबईतल्या प्रयोगशाळांवर एवढा ताण की अहवाल दोन-दोन दिवस येत नव्हते. शुक्रवारी स्वॅब दिला, रविवारी रात्री साडेदहाला अहवाल हातात आला. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात जमावबंदी होती, पण विमानाचं तिकीट दाखवल्यावर टॅक्सी कुठे अडवली नाही.

बेटावर रमजान चालू होता. दिवसा खानावळी बंद, गेस्टहाउसवाला खोलीत जेवण आणून देई. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, माणसं सभ्य आहेत, संध्याकाळी अजान झाली की मुलं खजूर आणून देतात. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी रात्री, मुलाचा मला फोन आला. उद्या त्याची सुट्टी होती. त्याच्या रिसॉर्टचा नियम असा होता की जो कर्मचारी वस्तीच्या बेटावर पाय ठेवेल, त्याला परत आल्यावर विलगीकरणात राहावं लागेल आणि ते दिवस बिनपगारी धरले जातील. शिवाय त्याच्या जागी उभं करायला दुसरा माणूस नव्हता. उलट बाजूने, रिसॉर्टमध्ये मुक्काम नसलेल्या कुणालाही एका दिवसासाठी यायला मनाई होती. मी मुंबईतून रिसॉर्टच्या मॅनेजरशी बोलले. तो अदबीने बोलला आणि नाही म्हणाला. त्याचं म्हणणं मला पटलं, हे कबूल करते. तीनशे माणसांचं बेट होतं. एका माणसाच्या येण्याजाण्यावर ते बंद पडलं असतं तर त्याच तीनशे माणसांचा पगार गेला असता.

त्या रात्री काकू धक्क्यावर गेल्या. पलीकडे रिसॉर्टच्या दिव्यांची रांग दिसत होती. मुलाने बेकरीच्या मागच्या बाजूला उभं राहून मोबाइलचा दिवा हलवला. एवढ्या अंतरावरून तो दिसणं शक्य नव्हतं, तरी काकू म्हणाल्या, दिसला. पुढचे चार दिवस रोज रात्री नऊला हा क्रम होता.

शुक्रवारी रिसॉर्टकडून नवी अट आली. वस्तीच्या बेटावरून येणाऱ्या पाहुण्यांनी ताजी चाचणी करूनच यायचं. मालदीवमध्ये १० एप्रिलला स्थानिक निवडणुका झाल्या होत्या, सभा-मेळावे झाले होते आणि रुग्ण वाढू लागले होते, त्यामुळे ही अट अन्यायाची नव्हती. शनिवारी बेटावरच्या आरोग्य केंद्रात स्वॅब घेतला. तो बोटीने मालेला गेला. रविवारी उत्तर आलं: काकू निगेटिव्ह, काका पॉझिटिव्ह. काकांना किंचित घसा धरल्यासारखं होतं, बाकी काही नाही.

रविवारची रात्र मी एका शब्दावर घालवली. गेस्टहाउसच्या मालकाने सूचना वाचली होती आणि तो घाबरला होता. २७ तारखेनंतर भारतीय पाहुणा ठेवला तर आपला परवाना जाईल, असं त्याला वाटत होतं. एका पाहुण्याला साथ झालेली, दुसरी संपर्कातली, आणि पुढच्या महिन्याचं सगळं बुकिंग एका फटक्यात रद्द. त्याचंही घर त्याच गल्लीत होतं. सूचना नीट वाचली तर ती भारतातून ‘येणाऱ्या’ पर्यटकांपुरती होती. आधीच येऊन राहिलेल्यांना बाहेर काढा, असं तिच्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. मी मालेतल्या आमच्या सहकारी एजंटला उठवलं, त्याने सोमवारी सकाळी लेखी खुलासा आणला, तेव्हा मालकाचा जीव भांड्यात पडला. त्याने वरचा मजला रिकामा केला. आरोग्य केंद्राच्या लोकांनी येऊन पाहणी केली आणि काका एका खोलीत, काकू समोरच्या खोलीत, असं विलगीकरण सुरू झालं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे १४ दिवस. जेवण दाराबाहेर स्टुलावर यायचं. लालबागच्या घरात एका खोलीत पंचेचाळीस वर्षं संसार केलेली ही दोघं पहिल्यांदाच दोन दारांच्या मागे होती.

२९ तारखेला काकूंना ताप आला. ३० ला त्याही पॉझिटिव्ह. मग दारं उघडली आणि दोघं एका खोलीत आली. काकू मला म्हणाल्या, “बरं झालं बाई.” मी त्यांना रागावले. आता वाटतं, रागवायला नको होतं.

औषधांची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात या निर्बंधांची रचना उघडी पडते. काकांनी मधुमेहाच्या गोळ्या बारा दिवसांच्या नेल्या होत्या, नऊ दिवसांची सहल म्हणून. १ मेला त्या संपणार होत्या. बेटावरच्या औषधांच्या दुकानात ती गोळी नव्हती. आरोग्य केंद्रातला डॉक्टर भारतीयच होता, त्याने चिठ्ठी लिहून दिली. गोळ्या मालेत मिळत होत्या. मालेत रात्रीची बंधनं, बोटींच्या फेऱ्या कमी. शेवटी मार्ग निघाला तो रिसॉर्टच्या मालवाहू बोटीने. भाजी, अंडी, मैदा, डिझेल घेऊन ती बोट आठवड्यातून तीनदा मालेहून निघायची. मुलाने भांडारप्रमुखाला सांगितलं, मालेतल्या एकाने गोळ्या विकत घेऊन मैद्याच्या पोत्यांबरोबर चढवल्या आणि वाटेत बोट वस्तीच्या बेटाच्या धक्क्याला दोन मिनिटं टेकली. खलाशाने पिशवी कठड्यावर ठेवली, गेस्टहाउसच्या मुलाने ती सॅनिटायझरने पुसून उचलली. पुढच्या फेरीला त्याच पिशवीत नानकटाई आली, मग बेकरीत भाजलेल्या ब्रेडचा लोफ. सामान सगळीकडे जाऊ शकत होतं. माणूस जाऊ शकत नव्हता. हे मला आधी सुचलं असतं तर पहिल्याच दिवसापासून त्या बोटीवर भिस्त ठेवली असती. बंद बेटाला जेवण पोचवणारी बोट कधीच बंद नसते आणि तिचं वेळापत्रक कुठल्याही एजंटाला एका फोनवर मिळू शकतं.

मधेच ६ मेला बातमी आली की आयपीएल थांबल्यामुळे ऑस्ट्रेलियाचे खेळाडू मालदीवला पोचले आहेत. भारतातून थेट येणाऱ्यांना त्यांच्या देशाने १५ मेपर्यंत दार बंद केलं होतं, म्हणून ते वाटेतल्या या बेटांवर थांबले होते. काकांना क्रिकेटचं वेड. खोलीतल्या टीव्हीवर ती बातमी बघून त्यांनी मला सांगितलं, “आम्ही आणि ते एकाच बोटीत.” मी हो म्हटलं. तसं नव्हतं. ते रिसॉर्टमध्ये होते आणि त्यांच्या परतीचं विमान कुणीतरी ठरवत होतं.

८ मेला काकांचे १४ दिवस संपले. तब्येत ठीक, ऑक्सिजन ठीक. मालदीवच्या हिशेबाने ते मोकळे झाले. आणि इथून पुढचे बारा दिवस सर्वांत कठीण गेले.

भारतात उतरायचं तर २२ फेब्रुवारी २०२१ पासून प्रवासाच्या आधी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल ‘एअर सुविधा’ या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागायचा. बरा झालेला रुग्ण, अशी वेगळी सोय त्यात नव्हती. सूट फक्त घरात मृत्यू झाला असेल तर. आणि ही चाचणी बऱ्या झालेल्या माणसाच्या नाकातही विषाणूचे मेलेले तुकडे शोधून काढते, कधी कधी कित्येक आठवडे. काका ९ मेला पॉझिटिव्ह आले. १४ मेला परत पॉझिटिव्ह. संसर्ग पसरवण्याचा काळ संपलेला, तिथल्या डॉक्टरांचं पत्र हातात, आणि तरी विमानात बसता येत नव्हतं. दोन देशांचे दोन नियम आपापल्या जागी रास्त होते. त्या दोन्हींच्या मधे जो माणूस उभा राहील त्याचं काय, हे कुणाच्याच कागदावर नव्हतं. रिसॉर्टनेही निगेटिव्ह अहवालाशिवाय घ्यायला नकार दिला.

१३ मेपासून मालदीवने भारतासह दक्षिण आशियातून येणाऱ्या सगळ्यांचा व्हिसा थांबवला. आत असलेल्यांना जायला मुभा होती, पण यायला पर्यटकच नसल्यावर विमान कंपन्यांनी फेऱ्या कमी केल्या आणि त्यांचं मुंबईचं विमान रद्द झालं. त्याच दिवसांत महाराष्ट्र सरकारनेही आदेश काढला: राज्यात कुठल्याही मार्गाने येणाऱ्याकडे प्रवेशाच्या आधी ४८ तासांच्या आत दिलेला निगेटिव्ह अहवाल हवा. मिळालेलं विमान केरळपर्यंतचं होतं, तिथून मुंबईचं दुसरं. म्हणजे भारतासाठी ७२ तास आणि मुंबईसाठी ४८.

१८ मेला स्वॅब, १९ च्या संध्याकाळी अहवाल. दोघंही निगेटिव्ह.

त्या अहवालाने दोन दारं एकदम उघडली. रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, या, एक रात्र आमच्याकडून. खरंच त्याने स्वतःहून सांगितलं. पण मुक्काम बदलायची परवानगी नव्याने काढायची तर दोन दिवस, आणि तेवढ्यात मुंबईचे ४८ तास संपणार. परत चाचणी करायची, ती परत पॉझिटिव्ह आली तर? मी दोन्ही हिशेब फोनवर वाचून दाखवले. काका गप्प होते. काकू म्हणाल्या, “ताई, विमानाचं करा.”

मुलाने बेकरीच्या प्रमुखाला सांगितलं, प्रमुखाने मॅनेजरला. २० तारखेला रिसॉर्टची बोट विमानतळावर पाहुणे सोडायला जाणारच होती. तिच्यावर सामान चढवायला एक जास्तीचा हात म्हणून मुलाला पाठवलं. अट एकच: धक्क्यावर उतरायचं नाही. काका-काकूंची फेरीबोट आधी पोचली होती. रिसॉर्टची बोट लागली, पाहुणे उतरले आणि मुलगा काठाशी येऊन उभा राहिला. मधे हातभर पाणी आणि टायर. अकरा मिनिटं. काकांनी वेळ बघितली होती. तिघांच्याही तोंडावर मास्क. काकूंनी त्याला घरून नेलेल्या गोडा मसाल्याचा पुडा दिला, जो महिनाभर सुटकेसमध्ये पडून होता. तो बोटीतूनच वाकला आणि धक्क्याच्या कडेला डोकं टेकवलं.

२० च्या रात्री ते लालबागला पोचले.

आता पैशांचं. जास्तीच्या रात्री, दोघांच्या मिळून सात चाचण्या, नवी तिकिटं, आणि रोज माणशी ३ डॉलर हरित कर, जो विलगीकरणातल्या रात्रींनाही लागला. प्रवास विम्यात ‘कोविड समाविष्ट’ असं ठळक लिहिलेलं होतं. दावा केल्यावर कळलं की रुग्णालयात भरती झालं तरच. खोलीत काढलेले विलगीकरणाचे दिवस त्यात बसत नव्हते. हे पान मी वाचलेलं होतं, पण ‘कोविड समाविष्ट’ एवढंच काकांना सांगितलं होतं. रिसॉर्टच्या दोन रात्रींचे पैसे परत मिळाले नाहीत, वर्षभर चालेल असं क्रेडिट मिळालं. गेस्टहाउसवाल्याने पहिल्या सात दिवसांनंतरचा दर निम्मा केला. त्याच्याकडे त्या महिन्यात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी केला. आमचं कमिशन मी परत दिलं आणि तिकिटांतला फरक ऑफिसने सोसला. काका जूनमध्ये सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून घेऊन आले आणि अर्धा फरक टेबलावर ठेवून गेले. घेत नाही म्हटलं तर बसायलाच तयार नव्हते.

माझी मूळ चूक नियम न वाचण्याची नव्हती. मी पर्यटकांचे सगळे नियम वाचले होते, परवानग्या काढल्या होत्या. मी फक्त माझ्या गिऱ्हाइकाचे नियम वाचले. जो त्यांना भेटायला येणार होता, तो कर्मचारी होता, त्याच्यासाठी नियम वेगळे होते, आणि ते सरकारच्या संकेतस्थळावर नव्हते, रिसॉर्टच्या नोटीस बोर्डावर होते. सगळी सहल ज्या एका फेरीवर उभी होती, ती फेरी माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती. तसं बघितलं तर सरळ उपाय होता: नऊ रात्रींऐवजी चार रात्री, सगळ्या रिसॉर्टमध्येच. एकूण खर्च जवळपास तेवढाच आला असता. मुलाची ड्यूटी संपल्यावर रोज संध्याकाळी ते एकाच बेटावर असते, आणि २३ एप्रिलला घरी. मी दिवस वाढवून दिले, कारण सतरा महिन्यांनंतर जास्त दिवस मिळावेत असं मला वाटलं.

आता बेटावरची कुठलीही सहल आखताना, मग ती अंदमानची असो नाहीतर लक्षद्वीपची, मी कागदाच्या मधोमध धक्के काढते आणि प्रत्येक धक्क्याशी लिहिते: इथून कोणाची बोट सुटते, कोणाच्या हुकमाने थांबते, आणि ती थांबली तर मालाची बोट कधी येते. औषधं मुक्कामाच्या तिप्पट दिवसांची. विम्याचं ते एक पान मी गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचते.

१५ जुलै २०२१ ला मालदीवने भारतीयांसाठी पुन्हा दार उघडलं. रिसॉर्टचं क्रेडिट तोवर चालू होतं. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, नको, आता त्यालाच येऊ दे. नोव्हेंबरमध्ये तो एकवीस दिवसांच्या रजेवर आला, आणि ते क्रेडिट आम्ही त्याच्या बेकरीतल्या एका सहकाऱ्याच्या आई-वडिलांच्या नावावर करून दिलं. ते कोल्हापूरचे. चार रात्री, एकच बेट.